ग्लासवरचा नंबर

मी दारू पीत नाही, आणि तरी सिंगापुरात चार-पाच वर्षं मी दारूची परीक्षक होते. हे आईला फोनवर समजावून सांगणं मला कधीच जमलं नाही. आमच्या घरी पंचशील नुसतं म्हणत नसत, पाळत असत. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील तर आई जरा आवाज चढवूनच म्हणायची, शेजारच्या दोन-तीन घरांना ऐकू जावं म्हणून. "मी गिळत नाही गं, नुसतं चाखते आणि थुंकते," असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकवलं ते थुंकायला?"

पण चव हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता. बिस्किटं, सरबतं, आइस्क्रीम यांत घालायचे स्वाद बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला होते. बेटाच्या पश्चिमेला, चोआ चू कांगला एका खोलीत राहायचे आणि दिवसभर छोट्या कपांतून चाखायचे. प्रत्येक कपावर तीन आकडी नंबर. कोणी बनवलं, कुठल्या टेबलावरून आलं, साहेबांचं आहे की शिकाऊ पोरीचं, काही कळायचं नाही. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटायचं. मला त्या नंबरांचा फार आधार वाटे.

त्याला कारण होतं. पुण्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. माझं काम चोख झालं होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. "पूर्ण नाव?" मी तेही सांगितलं. ते वाईट काहीच बोलले नाहीत. त्यांचं पेन कागदावर जरासं थांबलं आणि मग चाललं, इतकंच. गुण बरे पडले. पण माझे खरे गुण किती होते, हे मला कोणीच सांगू शकत नव्हतं. कमी गुण मिळाल्याचं दुःख माणूस विसरतो. आपले किती होते हे न कळण्याचा जाच जात नाही, माझा तरी गेला नाही.

सिंगापुरातल्या मराठी माणसांच्या एका जेवणात मला ते भेटले. तिथे तीन मिनिटांत आडनाव आणि पाचव्या मिनिटाला 'पुण्यात कुठे?' हे विचारून होतंच. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, एका कंपनीत मॅनेजर, पूर्वेला टॅम्पिनीसला बायकोबरोबर राहणारे हे गृहस्थ माझ्या ताटाशेजारी बसले आणि म्हणाले, "तुम्हाला म्हणे वासावरून जायफळ कुठल्या देशाचं ते कळतं?" मी म्हटलं, "देश नाही कळत. जुनं की नवं ते कळतं." त्यांनी लगेच चमच्यात श्रीखंड घेऊन पुढे केलं. "मग सांगा." जायफळ जुनं होतं. ते इतके खूश झाले की त्यांनी आतून यजमानीणबाईंना बोलावून ते सांगितलं, आणि त्या बाईंनी मला पुन्हा कधी जेवायला बोलावलं नाही.

त्यांना मधाची दारू बनवायचा नाद होता. इंग्रजीत तिला मीड म्हणतात. मध, पाणी, यीस्ट आणि महिनोन्‌महिने थांबण्याची तयारी, एवढंच लागतं. घरी स्वतःपुरतं बनवायला तिथे परवानगी मिळून फार दिवस झाले नव्हते, आणि नादिष्ट लोकांचा एक छोटा क्लब जमला होता. बहुतेक सगळे बिअर बनवणारे. मधाचे हे एकटेच म्हणावेत असे. फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरात, म्हणजे जाड भिंतींच्या बिनखिडकीच्या खोलीत, इतर लोक सुटकेसा आणि झाडू ठेवतात. यांच्या शेल्टरात काचेचे बुधले ओळीने बुडबुडत असायचे. मध मात्र महाबळेश्वरचाच, जांभळाच्या फुलांचा. काळसर, आणि गिळल्यावर घशाशी जरा कडवट लागणारा. वहिनी दर सुट्टीत तो साड्यांत गुंडाळून आणायच्या. "बायको सोनं आणते लोकांची, माझी मुंगळे आणते," असं ते चिडवायचे.

क्लबला परीक्षकांची वानवा होती, म्हणून त्यांनी मला तिकडे ओढलं. वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, खाली दुकान असलेल्या एका जुन्या शॉपहाऊसच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा व्हायची. मीड आणि सफरचंदाची साइडर मिळून एकच टेबल, कोपऱ्यात. बिअरवाले त्याला 'ज्यूस टेबल' म्हणत. मी पहिल्याच वर्षी तिथे गेले आणि भांडले. बाटल्यांवर बनवणाऱ्यांची नावं होती! मी म्हटलं, नंबर टाका. नंबर टाकणारा माणूस वेगळ्या खोलीत बसू दे, आणि स्पर्धेत ज्याचं काही आहे त्याने तिकडे फिरकू नये. दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता पन्नासपैकी गुण द्यावेत, सातांपेक्षा जास्त फरक आला तरच चर्चा करावी. कापलेल्या गुणांचं कारण लिहावं. शेवटचं पत्रक दोघांचं मिळून एकच जावं आणि बाकीचे कागद तिथेच फाडावेत, म्हणजे नंतर कोणी हुज्जत घालायला नको. आणि समजा एखादा ग्लास ओळखीचा वाटला, तर परीक्षकाने तो खाली ठेवावा आणि हात वर करावा. तो ग्लास मग दुसऱ्याकडे जाईल.

हा शेवटचा नियम मीच घालून घेतला होता. बिअरवाले वैतागले. मधाचे गृहस्थ मात्र एकटेच कोपऱ्यात उभे राहून मान डोलवत होते. घरी परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मी त्यांना त्या परीक्षकांच्या पेनाची गोष्ट सांगितली. सिंगापुरात ती मी फक्त त्यांनाच सांगितली. दोन स्टेशनं गेल्यावर ते म्हणाले, "तू टेबलावर असशील तोवर मी स्पर्धेत भाग घेणार नाही." आणि त्यांनी ते पाळलं. दर वर्षी बाटली भरायचे, मला चाखायला द्यायचे, पण स्पर्धेला पाठवायचे नाहीत.

मग त्यांना घशाचा कॅन्सर झाला. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात रेडिएशनचे दिवस सुरू झाले. वजन उतरलं, आवाज बसला. मी दर शनिवारी जायचे. काही महिन्यांनी डॉक्टर समाधानी दिसले, ते पुन्हा ऑफिसला जायला लागले. मी एकदा विचारलं, "चव परत आली?" ते म्हणाले, "आली की. सगळं लागतं." मी पुढे विचारलं नाही. घशाला रेडिएशन दिलेल्या माणसाच्या जिभेचं काय होतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. चवीवर पोट भरते मी, आणि मला एवढं खोदून विचारायचं सुचलं नाही.

"यंदा मीड?" असं विचारल्यावर त्यांनी हात झटकला. "ताकदच नाही राहिली. काही केलं नाही."

त्या वर्षीच्या स्पर्धेत माझ्यासमोर दुसरे परीक्षक म्हणून एक चिनी अंकल होते. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट इस्त्री करून आलेले, कमी बोलणारे. सात-आठ ग्लास झाले. साधा पाव खायचा, पाणी प्यायचं, पुढचा ग्लास. मग दोनशे चौऱ्याहत्तर नंबर आला. मी तो नाकाशी नेला आणि जांभळाचा मध ओळखला, त्यांचाच.

हात वर करायचा होता. माझाच नियम होता. मी का केला नाही, याची मी नंतर पुष्कळ कारणं रचली. सगळ्या खोलीला कळलं असतं, की बघा, दोघं इंडियन, एकमेकांचं ओळखतातच. मग मी तीन वर्षं भांडून जे मिळवलं त्याला हसले असते. हे कारण खोटं नाही, पण खरं कारण लाजिरवाणं आहे. मला घमेंड होती. नाव कळलं तरी मी न्यायाने वागू शकते, असं मला वाटलं. तो पेन थांबवणारा परीक्षक वेगळा, आणि मी वेगळी.

मी चाखलं. आधी गोड, मग तुरट, मग शेवटी तो कडवटपणा येऊन सगळं जागच्या जागी बसत होतं. इतकं जुळलेलं मीड त्यांनी आधी कधी बनवलं नव्हतं. मी एक्केचाळीस लिहिले. आणि माझं पेन थांबलं. हे त्यांचं आहे म्हणून मी वाढवून देतेय का? आजारातून उठलेला माणूस आहे म्हणून? मी एक्केचाळीस खोडून सदतीस केले. तरी संशय जाईना. तेहतीस केले. आता आठ गुण कमी झाले होते आणि कारण लिहायला हवं होतं. जे नव्हतं ते कुठून आणणार? मी लिहिलं, शेवट कडवट आणि बेताल. तो कडवटपणा मधाचा आहे, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मीच तो दोष म्हणून मांडला. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: बनवणाऱ्याने बाटलीत भरण्याआधी नीट चाखून गोड-आंबट जुळवायला हवं होतं.

अंकलनी बेचाळीस दिले होते. नऊचा फरक. नियमाप्रमाणे बोलणं आलं.

"वाय सो लो?" त्यांनी विचारलं. "धिस वन व्हेरी नाइस, व्हॉट."

मी त्यांना समजावलं. माझ्याकडे शब्द होते, कारखान्याचा अनुभव होता. त्यांनी आणखी एक घोट घेतला, ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओके लाह. यू आर द एक्स्पर्ट." दोघांचे मिळून चौतीस ठरले. पत्रक मी माझ्या हाताने लिहिलं. अंकलचा कागद, बेचाळीसवाला, बाकीच्या कागदांबरोबर फाडला गेला. घरी जाताना मला अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकते.

आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज मऊ होता, त्या आजारानंतर तो तसाच झाला होता.

"दोनशे चौऱ्याहत्तर माझा होता," ते म्हणाले. "पत्रकावर अक्षर तुझं आहे. तुला कळलं नव्हतं ना, कोणाचं आहे ते?"

"नाही," मी म्हटलं. "मला कसं कळणार?"

"अजिबात नाही?"

"अहो, तुम्ही तर यंदा केलंच नाही म्हणाला होतात."

"बरं झालं. मग ते खरंच आहे." आणि त्यांनी आईच्या तब्येतीची चौकशी केली. मला वाटलं, किती दिलदारपणे घेतलं यांनी.

महिन्याभराने टॅम्पिनीसला जेवायला गेले, तर शेल्टरात एकही बुधला नव्हता. क्लबातल्या कोणाला देऊन टाकले, म्हणाले. वहिनींनी वांग्याचं भरीत केलं होतं, वर कच्चं तेल, मी मागून मागून खाल्लं. वहिनींनी त्यांना विचारलं, "बरं झालंय का?" ते म्हणाले, "मला तर छान लागतंय. पण माझ्या लागण्याला काय अर्थ आहे?" हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, हवेबद्दल बोलावं तसं. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी ताट घेऊन मागोमाग गेले.

नळ सोडून त्या माझ्याशी बोलल्या, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. रेडिएशननंतर त्यांची चव पार गेली होती. मग हळूहळू परत यायला लागली असं त्यांना वाटत होतं, पण एकदा आमटीत मीठच पडलं नव्हतं आणि ते काही न बोलता जेवून उठले. तेव्हापासून धसका घेतला. खरंच लागतंय की आठवणीने लागतंय, हे त्यांचं त्यांना कळेना. "माझ्यावर विश्वास नाही. मी हो म्हणणारच, म्हणतात. तुला विचारलं तर तूही हो म्हणशील, म्हणतात. म्हणून ते मीड. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ चमच्याने चाखायचे, थुंकायचे, परत थेंबभर मध घालायचे. तुझ्याकडूनच शिकलेत थुंकायला. म्हणाले, तिथे नाव नसतं, तिथे खरं कळेल." वहिनींनी नळ आणखी मोठा केला. "आणि कोणी मेल्याने लिहिलं, चाखून जुळवायला हवं होतं. अगं, आठ दिवस तेच तर करत होते."

ते पत्रक कोणी लिहिलं, हे त्यांनी वहिनींना सांगितलं नव्हतं.

मी ताट धुतलं, फडक्याने पुसलं, आणि एमआरटी पकडून चोआ चू कांगला आले. सगळं बेट ओलांडून यावं लागतं. डब्यात बसून मी एकच हिशेब करत होते, त्यांच्यावर हे मी कसं आणलं. माझे खरे गुण किती होते हे न कळता मी इतकी वर्षं काढली होती. तोच जाच मी त्यांच्या जिभेवर ठेवला, आणि तोही नंबराआड बसून.

सांगायचं धैर्य गोळा करण्यात मी तीन आठवडे घालवले. तेवढ्यात आजार उलटला. पुन्हा नोव्हेना. या वेळी डॉक्टर नुसती मान हलवत होते. मी गेले तेव्हा वहिनी खाली चहाला गेल्या होत्या. ते उशीला टेकून बसले होते. मी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"तुमचंच आहे, हे मला वासावरच कळलं होतं. मी खोटं बोलले. आधी एक्केचाळीस दिले होते. तुमचं आहे म्हणून कापले. तुमची जीभ अगदी बरोबर होती. तुम्ही बनवलेलं सगळ्यांत चांगलं मीड होतं ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आणि हे आज सांगतेस. इथे येऊन."

"खरं सांगतेय."

"तेव्हा तू नंबर बघून लिहिलंस. आज माझं तोंड बघून बोलतेस," ते म्हणाले. "कुठलं धरू?"

मी शपथ घेतली, आईची. त्यांनी माझा हात थोपटला. "तू फार चांगली पोर आहेस. पण खोटं बोलणं तुला जमत नाही."

मी परत वहिनींना गाठलं. शेल्टरात दोन बाटल्या उरल्या होत्या, त्यातली एक मागून घेतली. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. अंकलना फोन केला. ते त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, दगडी टेबलाशी येऊन बसले, तसाच इस्त्रीचा शर्ट. मी पाच ग्लास मांडले, चार बाजारातल्या वाइनचे आणि एक हा, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नंबर लिहिलेला. कशासाठी आहे, ते सांगितलं नाही. त्यांनी पाचही सावकाश चाखले आणि पत्रकं भरली. त्या ग्लासला त्यांनी बेचाळीस दिले. इंग्रजीत खाली लिहिलं, शेवटी कडवट आहे पण तो कडवटपणा मधाचा असावा, आणि ज्याने हे जुळवलं त्याची जीभ उत्तम आहे. मी तिथेच रडले. अंकलनी मला पाण्याची बाटली दिली आणि दुसरीकडे पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी पत्रक घेऊन मी हॉस्पिटलात गेले. त्यानंतर ते जेमतेम पाच आठवडे जगले, पण त्या दिवशी जरा बरे होते. बोलणं मात्र कुजबुजल्यासारखं. वहिनींनी त्यांना चष्मा लावून दिला. त्यांनी पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखता येत होतं. आपले गुण कळल्यावर माणूस तसाच दिसत असणार.

मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ग्लासवर नंबर कोणी घातला?"

 

"मी," मी म्हटलं.

"आणि त्यांच्याकडे नेलं कोणी?"

"मीच."

त्यांनी मान डोलावली, माझे नियम ऐकताना क्लबातल्या त्या कोपऱ्यात उभे राहून डोलावली होती तशीच. पत्रकाची घडी घातली, नीट, कडेला कड लावून, आणि माझ्या हातात परत दिली.

"अक्षर छान आहे म्हाताऱ्याचं," ते म्हणाले, आणि वहिनींना पडदा थोडा ओढायला सांगितला.